फुकटची इंटर्नशिप आणि मामांचं दुकान

ताई,

मी सोलापुरात बी.ए. द्वितीय वर्षाला आहे, मुख्य विषय राज्यशास्त्र. वय 19. घर साखर पेठेकडे. आई विड्या वळते, बाबा पॉवरलूमवर आहेत. यंदाच्या सुट्टीत पब्लिक पॉलिसीतली एखादी इंटर्नशिप कर, असं आमच्या सरांनी सुचवलं. म्हणून नीती आयोग, मंत्रालयं, आमदारांची ऑफिसं असं सगळं शोधून बघितलं. बहुतेक ठिकाणी एक रुपयाही मिळत नाही आणि दिल्ली-मुंबईत दोन महिने राहणं आम्हाला झेपणारं नाही. इन्स्टाग्रामवर एक जाहिरात दिसली: घरबसल्या 'पब्लिक पॉलिसी इंटर्नशिप', रजिस्ट्रेशन 3,999 रुपये, तीन सिंहांचा शिक्का असलेलं सर्टिफिकेट. बाबा म्हणतात, मामांच्या टॉवेलच्या दुकानात बस, महिना 7,000 देतील. त्यांचंही चुकत नाही. वर्गातल्या दोघी मुंबईला जाणार आहेत, त्यांचे नातेवाईक आहेत तिथे. मला बारावीला 78 टक्के होते. घरात तेलुगू, बाहेर मराठी-हिंदी. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. अनुभव म्हणाल तर काहीच नाही. गल्लीतल्या सात-आठ बायकांच्या पीएफमधल्या नावाच्या चुका दुरुस्त करून दिल्या, तेवढंच. पैसे मिळतील अशी इंटर्नशिप खरंच असते का? की हे आपल्यासाठी नाहीच?

— एक वाचक, सोलापूर

असते. मानधन देणाऱ्या इंटर्नशिप असतात, चांगल्या असतात आणि त्यातली एक तर तुझ्यासारख्या मुलींसाठीच आखलेली आहे. फक्त येत्या मे महिन्यात त्यातली जवळजवळ एकही तुला मिळणार नाही. तुझं इंग्रजी, तुझी गल्ली यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुझं वय 19 आहे आणि पदवी अजून हातात आलेली नाही, इतकीच अडचण आहे. म्हणजे 'आपल्यासाठी नाहीच' हा निष्कर्ष काढायची घाई नको. त्याआधी ते 3,999 चं प्रकरण निकालात काढू.

भरू नकोस. काम तू करणार आणि वर पैसेही तूच भरणार, हा कुठला व्यवहार? मामांच्या दुकानात कामाला लागताना मामांना 3,999 देशील का? केंद्राच्या किंवा राज्याच्या इंटर्नशिपला सहसा फी नसते आणि तिची माहिती गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असा शेवट असलेल्या संकेतस्थळावर असते. आणि ते तीन सिंह! भारताच्या राजचिन्हाचा गैरवापर रोखण्यासाठी 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. कुणीही उठून ते चिन्ह आपल्या सर्टिफिकेटावर छापू शकत नाही. ज्यांना हा कायदा माहीत नाही, किंवा माहीत असून पर्वा नाही, ते तुला सार्वजनिक धोरण काय शिकवणार? पैसे भरून शिकायचंच असेल तर त्याला कोर्स म्हणतात. कोर्स करायला माझी ना नाही, पण त्याला इंटर्नशिप म्हणून बायोडेटात घालू नकोस. मुलाखत घेणारे दुसऱ्याच प्रश्नात ओळखतात.

आता पैशाचा हिशोब, कारण तुझ्या पत्राचा सगळा जीव त्यातच आहे. बिनपगारी इंटर्नशिपला लोक सहज 'फुकटची' म्हणून जातात. तुझ्यासाठी ती सगळ्यांत महाग आहे. मामांकडचे दोन महिन्यांचे 14,000 बुडणार, त्यावर कॉट बेसिसचं भाडं, मेस, लोकलचा पास किंवा मेट्रोचं कार्ड, जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं. तुझ्या मैत्रिणींना हा आकडा दिसत नाही, कारण त्यांचा अर्धा आकडा मुंबईतल्या मावशीने उचललेला असतो. त्यांचा त्यात काही दोष नाही. पण अशा पद्धतीने कोण पुढे जातं आणि कोण घरी राहतं हे मावश्या ठरवतात, हे मात्र तुझ्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात असायला हवं होतं.

हे फक्त आपल्याकडचंच आहे असं समजू नकोस. अमेरिकेत थेट व्हाइट हाऊसमध्ये काम करणाऱ्या इंटर्नना 2022 च्या शरद सत्रापर्यंत पगार नव्हता. तोपर्यंत तिथे कोण जात असेल, सांग बघू? ज्यांना वॉशिंग्टनचं भाडं घरून मिळायचं ते. त्यावर तोडगा म्हणून तिकडची अनेक विद्यापीठं एक गोष्ट करतात: विद्यार्थ्याने सरकारी किंवा लोकोपयोगी संस्थेत बिनपगारी काम मिळवायचं आणि त्याचा उन्हाळ्याचा खर्च विद्यापीठाच्या निधीतून द्यायचा. आपल्या कॉलेजांत असा निधी सहसा नसतो. तुला तो चार ठिकाणांहून जमवावा लागेल. जमतो. कसा, ते पुढे सांगते.

आधी दिल्ली-मुंबईची दारं एकेक करून बघू, म्हणजे कुठलं कधी वाजवायचं ते कळेल. नीती आयोग पदवीच्या विद्यार्थ्यांना घेतो, पण दुसरं वर्ष पूर्ण झालेलं हवं आणि बारावीला किमान 85 टक्के हवेत. तुझे 78. म्हणजे ते दार सध्या बंद. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ते पदवीचे 70 टक्के बघतात, तेव्हा बी.ए.चे गुण सांभाळ. शिवाय तिथे मानधन नाही, त्यामुळे हळहळू नकोस. परराष्ट्र मंत्रालय मात्र देतं: महिना 10,000 रुपये आणि राज्याच्या राजधानीहून दिल्लीला येण्याजाण्याचं साधं विमानभाडं. तिथे पदवी हातात लागते, वय 25 च्या आत. निवड राज्यवार होते आणि त्यात केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांतल्या मुलांना झुकतं माप असतं. त्या यादीत पलीकडचं धाराशिव आहे, आपण नाही. धाराशिवची एखादी मैत्रीण असली तर तिला हे आवर्जून सांग.

तुझ्यासारख्या मुलींसाठीच आखलेली, असं मी सुरुवातीला म्हणत होते ती इंटर्नशिप केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाची. दोन महिन्यांची, दिल्लीत, फक्त महिलांसाठी, आणि त्यातही महानगरांच्या बाहेरच्या: लहान शहरांतल्या, गावांतल्या. वय 21 ते 40. महिना 20,000 रुपये मानधन, वसतिगृहात राहण्याची सोय आणि येण्याजाण्याचं थ्री टायर एसीपर्यंतचं रेल्वेभाडं. वर्षात काही तुकड्या घेतात, त्यात एक मे-जूनची असते. कुठल्यातरी विद्यापीठाशी, शिक्षणसंस्थेशी किंवा सामाजिक संस्थेशी तू जोडलेली असायला हवीस, एवढीच जोडीची अट. यात मुंबईची मावशी लागत नाही. कुणीतरी मंत्रालयात बसून 'सोलापूरहून येणारी मुलगी राहणार कुठे' हा विचार केलाय, हे बघून मला बरं वाटलं होतं. तू 21 ची होशील तेव्हा पहिला अर्ज इथे कर. त्या वेळची सूचना मात्र नीट वाच, अटींत बदल होत असतात.

राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप 21 ते 26 वयाच्या, पदवीला किमान 60 टक्के आणि वर्षभराचा अनुभव असलेल्यांसाठी आहे, आणि ती पूर्ण वर्षाची नोकरीच असते. खासदारासोबत संसदेचं काम शिकवणारी लॅम्प फेलोशिपही पदवीनंतरचीच, 25 च्या आत. दोन्ही चांगल्या, दोन्ही मानधनाच्या, दोन्ही अजून लांब. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आणि राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना यांच्या जाहिराती तुझ्याही मोबाइलवर येत असतील. दोन्ही योजना शिक्षण संपलेल्यांसाठी आखल्या आहेत. कॉलेजात शिकत असताना त्यात नाव घालायला सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहाही पाजू नकोस.

तर मग या उन्हाळ्याचं काय? सोलापूर.

नाक मुरडू नकोस. दिल्लीत बसून जे लोक शहरांवर अहवाल लिहितात, त्यांना लागणारा मालमसाला आपल्याकडे रस्त्यावर पडलेला आहे. उजनी धरण 117 टीएमसीचं (म्हणजे तितके अब्ज घनफूट), आणि शहरातल्या नळाला पाणी रोज नाही. महापालिकेत मार्च 2022 पासून कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासकच कारभार बघत होते. त्या काळात गटार तुंबलं तर तुझ्या गल्लीतले लोक कुणाकडे गेले? हा साधा प्रश्न घेऊन पन्नास घरं फिरलीस तरी चांगला निबंध होईल. कुंभारीचं रे नगर आहे, असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचा प्रकल्प. त्यातली पहिली 15,000 घरं जानेवारी 2024 मध्ये दिली. तुझ्या ओळखीतलं कुणी ना कुणी तिकडे राहायला गेलं असेलच. त्यांच्या रेशनकार्डाचा पत्ता बदलला का, मुलं कुठल्या शाळेत जातात, कामावर यायला बस किती वाजता आहे? घर देणं ही बातमी झाली. त्यानंतरचं सगळं म्हणजे तू जे काम करू पाहतेस ते.

आणखी एक छोटं, पण फार उपयोगी काम सुचवते. महाराष्ट्राचा 2015 चा लोकसेवा हक्क कायदा सांगतो की प्रत्येक कार्यालयाने कोणती सेवा, किती दिवसांत, कोणता अधिकारी देणार आणि नाही दिली तर अपील कुणाकडे करायचं, हे फलकावर लावायचं. महापालिकेच्या सगळ्या झोन ऑफिसांत जा आणि बघ: फलक आहे का, कुठे आहे, कोणत्या भाषेत आहे, कपाटामागे गेलाय का. फोटो काढण्याआधी परवानगी विचार. फलक दिसला तर त्यावरची एक सेवा निवड, जन्मदाखला म्हण, आणि दाखला घ्यायला आलेल्या दहा-बारा जणांना विचार की त्यांना किती दिवस लागले. आठ-दहा पानांचा अहवाल होतो. हे काम सोलापुरात अजून एका कारणाने तुझं आहे: तुला तेलुगू येतं. तेलुगू वस्तीच्या पूर्व भागातल्या म्हातारीला मराठी प्रश्नावली वाचून दाखवणाऱ्याला मिळणारं उत्तर आणि तुला मिळणारं उत्तर यांत जमीन-अस्मानाचा फरक असेल.

हे कुणाच्या छत्राखाली करायचं, आणि पैसे कोण देणार? पहिल्यांदा तुझ्या सरांकडे जा. सुचवलं त्यांनीच आहे, तर अर्धी जबाबदारी त्यांचीही. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) या नावांखाली असं काम क्रेडिटला धरलं जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या हिशोबाने इंटर्नशिपचे 30 तास म्हणजे एक क्रेडिट. तुझं उन्हाळ्याचं काम यातल्या कशात बसवता येईल का, ते आत्ताच विचार. काम झाल्यावर विचारलंस तर 'आधी परवानगी घ्यायला हवी होती' हे वाक्य ऐकायला मिळेल. सरांना दुसरं हे विचार की विद्यापीठात किंवा आसपास कुणाकडे आयसीएसएसआरचा, म्हणजे सामाजिक संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, प्रकल्प चालू आहे का. या प्रकल्पांत सर्वेक्षणासाठी मुलं लागतात आणि त्यांच्या मानधनाची तरतूद प्रकल्पातच असते. निवडणुकीच्या काळात दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेचा लोकनीती विभागही कॉलेजच्या मुलांना प्रशिक्षण देऊन मतदार सर्वेक्षणाला पाठवतो आणि त्याचं मानधन देतो. तुळजापूरला टिसचं, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेचं कॅम्पस आहे, एसटीने तासाभराचं अंतर. तिथल्या प्राध्यापकांना मेल कर, क्षेत्रकामाला तेलुगू-मराठी बोलणारी मुलगी हवी आहे का म्हणून. मेल करायला काय पैसे पडतात?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करायला विसरू नकोस. ते पॅरालीगल व्हॉलंटियर नेमतात. लोकांना कायद्याची, सरकारी योजनांची माहिती द्यायची, अर्ज भरायला मदत करायची, अडलेल्याला योग्य कार्यालयात न्यायचं. आधी प्रशिक्षण देतात आणि ज्या दिवशी काम दिलं त्या दिवसाचं मानधन मिळतं. वकील असावं लागत नाही. तुझ्या पत्रातलं ते पीएफचं वाक्य वाचताना मला पहिल्यांदा हेच आठवलं.

त्या वाक्यावर थांबू, कारण तिथे तू स्वतःवर अन्याय केला आहेस. 'तेवढंच' म्हणून तू जे उडवून लावलंस, ते तेवढंच नाही. विडी कामगार बाईचं नाव कारखान्याच्या रजिस्टरात एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. कुठे लक्ष्मी, कुठे लक्ष्मीबाई. कुठे माहेरचं आडनाव, कुठे सासरचं. तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी येतं, ते कुणीतरी मध्ये टाकतं, कुणी गाळतं. जन्मतारीख तर मुकादमाने अंदाजाने घातलेली. आणि मग पंचवीस वर्षं विड्या वळून झालेल्या बाईचा पीएफचा अर्ज एका अक्षरासाठी परत येतो. तू त्यासाठी जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार आणि मालकाचा दुरुस्तीचा संयुक्त अर्ज, भरला असशील, कारखान्याची सही आणायला हेलपाटे घातले असशील, पीएफ ऑफिसात रांगेत उभी राहिली असशील. कल्याणकारी योजना कागदावरून माणसापर्यंत पोचताना नेमकी कुठे अडते, हे तुला ठाऊक आहे. त्या विषयावर इंग्रजीत सुंदर बोलणारी पुष्कळ मुलं मिळतील. ज्यांनी एकही अर्ज भरलेला नाही अशी.

तेव्हा अर्जाची सुरुवात 'मला सार्वजनिक धोरणाची लहानपणापासून आवड आहे' अशी करू नकोस. सगळे तीच करतात. अशी कर:

'गेल्या वर्षभरात मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या सात विडी कामगार महिलांच्या पीएफ नोंदीतल्या नाव आणि जन्मतारखेच्या चुका दुरुस्त करण्यासाठी अर्ज भरले व पाठपुरावा केला. पाच नोंदी दुरुस्त झाल्या. दोन अडकल्या आहेत, कारण कारखाना बंद पडला असून सही द्यायला कुणी नाही. अशा प्रकरणांत काय मार्ग निघतो, हे मला शिकायचं आहे.'

आकडे आणि कारणं अर्थातच तुझी घाल, खरी घाल. अडकलेली प्रकरणं लपवू नकोस, वाचणारा तिथेच थांबतो. आज रात्री बसून एका वहीत प्रत्येक बाईच्या प्रकरणाची एक ओळ लिही: चूक काय होती, कधी अर्ज केला, किती महिने लागले, काय झालं. त्यांची नावं आणि खातेनंबर मात्र कुठल्याही अर्जात जाता कामा नयेत. त्यांनी तुझ्यावर विश्वास टाकलाय.

आणि मानधन विचारायची लाज वाटू देऊ नकोस. आपल्याकडे पैशाचं विचारलं की 'हिला सेवेची आवड नाही' असं वाटेल, ही भीती घरातूनच येते. एका ओळीत, साध्या शब्दांत विचार: 'या कामासाठी मानधन किंवा प्रवासखर्चाची तरतूद आहे का? नसल्यास आठवड्यातून तीन दिवस, सकाळच्या वेळेत काम करण्याची मुभा मिळू शकेल का?' दुसरं वाक्य महत्त्वाचं. पहिल्याला नकार आला तरी दुसऱ्याला बहुधा होकार येतो. शहरातल्या शहरात रिक्षाचे पैसे मिळाले तरी ते पैसेच.

आमदार किंवा नगरसेवकाच्या ऑफिसात जायचं ठरवलंस तर कामाचं स्वरूप आधीच विचारून घे. मतदारसंघातल्या तक्रारींची नोंद ठेवणं, विधिमंडळाच्या प्रश्नांसाठी माहिती काढणं, निधीतल्या कामांची यादी करणं, हे शिकण्यासारखं आहे. रील एडिट करणं आणि सत्काराच्या कार्यक्रमात हार हातात धरून उभं राहणं यासाठी तुझा उन्हाळा खर्च करू नकोस. कामाच्या वेळा, कुणाच्या हाताखाली काम करायचं आणि कॉलेजचं पत्र, हे तिन्ही कागदावर असू दे. बाबांनाही तो कागद दाखवता येतो.

बाबांशी बोलताना दिल्ली आणि करिअर हे शब्द पहिल्या पाच मिनिटांत काढू नकोस. हिशोब मांड. सकाळी नऊ ते साडेबारा तुझं काम, संध्याकाळी चारनंतर दुकान. सोलापूरच्या मे महिन्यात बारा ते चार रस्त्यावर कुत्रं फिरकत नाही, गिऱ्हाईक कुठलं? लग्नसराईचा आहेर घ्यायला लोक ऊन उतरल्यावरच बाहेर पडतात, मामांना माणूस लागतो तो तेव्हाच. सात हजारांऐवजी साडेचार मिळाले तर दोन महिन्यांत 5,000 चा खड्डा पडतो. तो भरून काढायचा. आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर केंद्राच्या कामगार मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती आहे, पदवीच्या विद्यार्थ्यांना वर्षाला 6,000 रुपये. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करायचा असतो. उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि दुसरी शिष्यवृत्ती घेत असलीस तर ही मिळत नाही. तू कुठलीच घेत नसशील, तर ही सुटलीच कशी, असं मी विचारणार नाही. पुढचे अर्ज सुरू होतील तेव्हा पहिल्या आठवड्यात भर. कॉलेजात कमवा व शिका योजना चालू असेल तर ग्रंथालयातलं तासाचं काम मिळतं, त्याचीही चौकशी कर.

बाकी राहिलं ते मागायचं. आपल्या शहरात ज्ञाती संस्था आहेत, रोटरी-लायन्स आहेत, कॉलेजांचे माजी विद्यार्थी संघ आहेत. 'शिक्षणासाठी मदत करा' असं मोघम पत्र गेलं तर ते फायलीत जातं. एका पानावर लिही की सहा आठवड्यांत मी अमुक काम करणार, त्याला रिक्षा, झेरॉक्स, मोबाइल डेटा मिळून 4,000 रुपये लागतील, काम झाल्यावर अहवालाची प्रत तुम्हाला देईन. खाली सरांची सही. छोटी रक्कम, ठरलेलं काम आणि परत काय मिळणार हे लिहिलेलं असलं की लोक खिशात हात घालतात. इथे व्यापाऱ्यांचं गाव आहे, व्यवहार नीट मांडलेला त्यांना आवडतो. आणि हो, अहवालाची प्रत खरंच नेऊन दे. नव्वद टक्के मुलं देत नाहीत असं मी म्हटलं तर सर्वेक्षण केल्यासारखं होईल, पण तू देणाऱ्यांतली हो.

हे सगळं आत्ताच सुरू करायचं. एप्रिल उजाडला की तुमच्या परीक्षा, सरांचे पेपर तपासणं आणि सरकारी ऑफिसांतल्या सुट्ट्या एकदमच येतात. जानेवारीतल्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरायच्या आत तुझे पाच-सहा मेल गेलेले असू देत. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एक आठवण पाठव, त्यानंतर थेट ऑफिसात जाऊन भेट. सोलापुरात राहण्याचा हा एक फायदा: दिल्लीच्या मेलला उत्तर आलं नाही तर वाट बघावी लागते, इथे सिटी बस पकडायची.

इंग्रजी बोलताना अडखळते म्हणालीस. महापालिका, झेडपी, विधी सेवा, यातल्या कुठल्याच ठिकाणी तुला इंग्रजी बोलावं लागणार नाही. वाचावं मात्र लागेल आणि ते तुला येतं. दोन वर्षांनी दिल्लीच्या अर्जासाठी हेतुपत्र इंग्रजीत लिहावं लागेल. त्यासाठी आत्तापासून एक कर: मराठीत जो अहवाल लिहिशील त्याचा एक पानाचा सारांश इंग्रजीत लिही आणि इंग्रजीच्या मॅडमना लाल पेनाने दुरुस्त करायला दे. छोटी वाक्यं लिही. मुलाखतीत अडखळलीस तर 'मी हिंदीत सांगू का' असं सरळ विचार, चालतं. मेलच्या विषयाच्या ओळीत तुझं नाव, वर्ग आणि 'मे-जून, आठवड्यातून तीन दिवस' एवढं लिही, आणि बायोडेटा पीडीएफमध्ये जोड. मोबाइलवर काढलेला वहीच्या पानाचा फोटो नको.